स्वयं-अद्ययावत दिनांक

स्वयं-अद्ययावत दिनांक म्हणजे वर्ड प्रोसेसरने तयार केलेल्या दस्तऐवजात घातलेली अशी तारीख, जी टंकलिखित अक्षरांप्रमाणे कायम न राहता संगणकाच्या घड्याळावरून वेळोवेळी नव्याने लिहिली जाते. पडद्यावर ती साध्या मजकुरासारखीच दिसते. प्रत्यक्षात तिच्या जागी ‘आजची तारीख येथे दाखवा’ अशी एक सूचना साठवलेली असते. या सूचनेला मायक्रोसॉफ्ट वर्ड, लिबरऑफिस रायटर इत्यादी प्रणालींमध्ये ‘फील्ड’ म्हणतात. पत्राचा नमुना, दैनिक अहवाल, दरपत्रक अशा वारंवार वापरल्या जाणाऱ्या दस्तऐवजांसाठी ही सोय उपयुक्त ठरते. मात्र पत्र, अर्ज, करार, नोटीस अशा एकदाच निर्गमित होणाऱ्या कागदांत ती राहिल्यास मूळ तारीख नाहीशी होते.

== पार्श्वभूमी ==

तारीख आणि मजकूर वेगळे ठेवण्याची पद्धत संगणकापेक्षा जुनी आहे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत पत्राचा मसुदा टंकलिखित करताना ‘दिनांक’ या शब्दापुढे दिवसाची, आणि बहुधा महिन्याचीही, जागा कोरी सोडण्याचा प्रघात आहे. अधिकाऱ्याची सही झाल्यावर पत्र जावक विभागात जाते, तेथे जावक क्रमांक पडतो आणि त्याच वेळी तारीख हाताने लिहिली जाते. त्यामुळे मसुदा आठवडाभर टेबलावर पडून राहिला, तरी पत्रावरची तारीख ते प्रत्यक्ष बाहेर पडल्याचीच असते. आवक टपालावर उमटवला जाणारा, रबरी पट्ट्या फिरवून रोज सकाळी जुळवायचा तारखेचा शिक्का हाही एका अर्थाने स्वयं-अद्ययावत दिनांकाचाच पूर्वज होय. फरक इतकाच, की शिक्क्याची शाई एकदा कागदावर उमटली की उद्या पट्टा फिरवल्याने कालचा ठसा बदलत नाही.

संगणकावर १९८९ साली आलेल्या वर्डपरफेक्ट ५.१ या डॉस प्रणालीत दोन वेगळे पर्याय होते : ‘डेट टेक्स्ट’ निवडल्यास त्या दिवसाची तारीख अक्षररूपाने कायमची लिहिली जाई, तर ‘डेट कोड’ निवडल्यास ती पुढे बदलत राही. त्याच वर्षी विंडोजसाठी आलेल्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये महिरपी कंसांत लिहिल्या जाणाऱ्या फील्डची पद्धत होती. ती आजतागायत टिकून आहे. वैज्ञानिक लेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत ‘टुडे’ ही आज्ञा हेच काम करते. तेथे दस्तऐवज ज्या दिवशी संकलित होतो, त्या दिवसाची तारीख पानावर येते.

== कार्यपद्धती ==

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘इन्सर्ट’ टॅबवरील ‘डेट अँड टाइम’ हा पर्याय निवडला असता तारखेच्या विविध नमुन्यांची यादी उघडते. याच चौकटीत ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ असा एक लहानसा चौकोन असतो. त्यावर खूण नसेल तर साधा मजकूर उमटतो, खूण असेल तर फील्ड. एकदा केलेली ही खूण पुढच्या वेळीही तशीच राहिलेली आढळू शकते. त्यामुळे फील्ड घातल्याचे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ऑल्ट, शिफ्ट आणि डी या कळी एकत्र दाबल्या तर मात्र नेहमी फील्डच येते.

‘डेट’ हे फील्ड चालू दिवसाची तारीख देते आणि फाइल उघडताना किंवा छापताना बदलते. त्याची तीन भावंडे तुलनेने अपरिचित आहेत. ‘क्रिएटडेट’ हे फाइल निर्माण झाल्याची, ‘सेव्हडेट’ हे ती शेवटची जतन केल्याची आणि ‘प्रिंटडेट’ हे ती शेवटची छापल्याची तारीख दाखवते. पत्राच्या नमुन्यासाठी बहुतेक वेळा ‘डेट’ऐवजी ‘क्रिएटडेट’ योग्य ठरते. टेम्प्लेटवरून नवे पत्र तयार केले की त्यात त्या दिवसाची तारीख येते आणि तीच फाइल पुढे कितीदाही उघडली तरी ती ढळत नाही. मात्र जुने पत्र उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ने नव्या नावाने जतन केल्यास नवी फाइल नव्याने निर्माण झाली असे धरले जाते आणि फील्ड अद्ययावत होताच तारीखही नवी होते. जुन्या पत्रावरून नवे पत्र करणाऱ्यास हे सोयीचे आहे. जुन्या पत्राची केवळ प्रत करून ठेवणाऱ्यास नाही.

तारखेचा नमुना ठरवणाऱ्या अक्षरांत रोमन लिपीतील मोठा ‘एम’ महिन्यासाठी आणि लहान ‘एम’ मिनिटांसाठी असतो. ही दोन अक्षरे उलटसुलट झाल्यास महिन्याच्या जागी मिनिटे उमटतात व ‘१५/४२/२०२४’ यासारखी अशक्य तारीख तयार होते. बेचाळीसावा महिना निदान चटकन लक्षात तरी येतो. घड्याळात पहिल्या बारा मिनिटांतील एखादे मिनिट चालू असेल तर चूक नजरेतून निसटते.

दस्तऐवजात फील्ड आहे की नाही हे पाहण्यासाठी तारखेवर टिचकी मारल्यास फील्ड राखाडी छटेत दिसते. ऑल्ट व एफ ९ या कळी दाबल्यास सर्व फील्डच्या जागी त्यांच्या मूळ सूचना दिसतात. नुसते एफ ९ दाबल्यास निवडलेले फील्ड अद्ययावत होते. कंट्रोल, शिफ्ट व एफ ९ दाबल्यास फील्ड मोडून त्या क्षणी दिसणारी तारीख साधा मजकूर बनते. कंट्रोल व एफ ११ दाबल्यास फील्ड कायम राहते, परंतु त्याला कुलूप लागते. यांपैकी मोडण्याची क्रिया करताना आधी पडद्यावर कोणती तारीख दिसते आहे ते पाहणे आवश्यक असते, कारण जुनी फाइल उघडताच तारीख बदलून गेलेली असू शकते आणि मग कायम होते ती आजचीच तारीख.

लिबरऑफिस रायटरमध्ये फील्डच्या यादीतून थेट तारीख घातली तर ती स्थिर असते. बदलती तारीख हवी असल्यास फील्डच्या सविस्तर चौकटीतून तसा प्रकार निवडावा लागतो. गुगल डॉक्समधील तारखेची चिपही निवडलेल्या दिवसावर स्थिर राहते. एक्सेलमध्ये ‘टुडे’ व ‘नाऊ’ ही सूत्रे बदलती तारीख देतात, तर कंट्रोल व अर्धविराम या कळी स्थिर तारीख लिहितात. एका प्रणालीची सवय दुसरीत नेल्याने गफलती होतात.

== मराठी दस्तऐवजांतील वापर ==

फील्डमधील महिन्याचे नाव त्या मजकुराला दिलेल्या भाषेवर अवलंबून असते. मजकूर देवनागरी असला तरी त्याची भाषा हिंदी अशी नोंदलेली असल्यास ‘जानेवारी’, ‘जुलै’ यांऐवजी ‘जनवरी’, ‘जुलाई’ असे शब्द येतात. लिपी एकच असल्याने हा घोटाळा मराठी दस्तऐवजांत विशेष संभवतो. त्यासाठी महिन्याचे नाव हाताने दुरुस्त करणे व्यर्थ असते, कारण पुढच्या अद्ययावतीकरणात हिंदी नाव पुन्हा येते; बदलावी लागते ती त्या मजकुराची भाषा. युनिकोडपूर्व काळातील फाँटांत अडचण निराळी होती. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असल्यामुळे इंग्रजी महिन्याचे नाव अर्थहीन देवनागरी अक्षरांच्या रूपात उमटे.

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या ‘डेट’ फील्डमध्ये शक संवतानुसार तारीख दाखवण्याचा एक स्विचही आहे. भारताने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रावर इसवी तारखेबरोबर ही तारीखही छापली जाते. तथापि ही सौर दिनदर्शिका असून घरोघरी वापरल्या जाणाऱ्या पंचांगातील तिथीशी तिचा मेळ नसतो. उदाहरणार्थ, १ मे २०२४ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार ११ वैशाख शके १९४६ होता, तर पंचांगानुसार चैत्राचा कृष्ण पक्ष चालू होता. लग्नपत्रिकेसाठी तिथी हवी असेल तर हे फील्ड निरुपयोगी आहे.

== दप्तरी व कायदेशीर परिणाम ==

बदलत्या तारखेचा तोटा छापलेल्या मूळ प्रतीत दिसत नाही. तो नंतर काढलेल्या प्रतीत दिसतो. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा येथील एका अर्जदाराचे कल्पित उदाहरण घेता येईल. त्याने ३ जून रोजी गावातील टंकलेखकाकडून माहिती अधिकाराचा अर्ज तयार करून घेतला आणि त्याच दिवशी दाखल केला. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार जन माहिती अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. न दिल्यास मुदत संपल्यापासून पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. उत्तर न आल्याने तो १० जुलै रोजी अपिलासाठी टंकलेखकाकडे गेला व मूळ अर्जाची आणखी एक प्रत छापून मागितली. फाइल उघडताच अर्जावर १० जुलै ही तारीख आली. आता त्याच्या हातात एकाच दिवसाचे अर्ज व अपील आहेत आणि वरवर पाहता ३० दिवसांतला एकही दिवस सरलेला नाही.

अशा वेळी अर्जदाराला आधार असतो तो अर्जाच्या दुय्यम प्रतीवर कार्यालयाने दिलेल्या पोचेचा किंवा टपाल पावतीचा, कारण मुदत अर्जावर लिहिलेल्या तारखेपासून नव्हे, तर अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. पोच हरवली असेल तर फाइलच्या गुणधर्मांत नोंदलेली निर्मितीची व शेवटच्या बदलाची वेळ, ईमेलने पाठवलेली पीडीएफ प्रत किंवा आवक नोंदवही यांवरून मूळ तारीख ताडून पाहता येते. फाइल बदललेल्या तारखेसह पुन्हा जतन झाली असेल तर शेवटच्या बदलाची वेळही पुसली जाते. म्हणून शंकास्पद फाइल उघडण्यापूर्वीच तिच्या गुणधर्मांची नोंद करून ठेवणे उपयुक्त ठरते.

दाखल्यांमध्ये प्रश्न अधिक सूक्ष्म असतो. जन्म प्रमाणपत्रावर नोंदणीचा दिनांक आणि प्रमाणपत्र दिल्याचा दिनांक असे दोन दिनांक असतात. पहिला कधीही बदलू नये असा, तर दुसरा प्रत्येक प्रतीगणिक निराळा असणे अपेक्षितच आहे. वर्डमध्ये स्वतः तयार केलेल्या नमुन्यांत दुसऱ्या जागी फील्ड वापरणे योग्य ठरते. तेच पहिल्या जागी नकलून चिकटवल्यास दाखला खोटा होतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत देतानाही हाच भेद पाळावा लागतो.

शासन निर्णयांबाबत महाराष्ट्र शासनाने तारीख दस्तऐवजाबाहेरही बांधून ठेवलेली आहे. शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक निर्णयाला अठरा अंकी संगणक संकेतांक दिला जातो. त्याच्या सुरुवातीच्या अंकांत वर्ष, महिना व दिवस येतात आणि निर्णय डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केलेला असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार मान्यता असलेल्या अशा स्वाक्षरीनंतर दस्तऐवजातील एक अक्षर बदलले तरी पडताळणी फसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करण्याची तरतूद आहे. बदलत्या तारखेची वर्ड फाइल उघडून पुन्हा जतन केल्यास हे मूल्य बदलते. त्यामुळे पुराव्यासाठी पीडीएफसारखी गोठवलेली प्रत सांभाळणे श्रेयस्कर समजले जाते.

== संगणकाचे घड्याळ ==

फील्डमध्ये येणारी तारीख संगणकाच्या घड्याळाइतकीच विश्वसनीय असते. मदरबोर्डवरील बटणासारखी छोटी बॅटरी संपली की वीज जाऊन आल्यावर घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि त्या सत्रात छापलेल्या प्रत्येक पत्रावर तीच जुनी तारीख पडते. संगणक इंटरनेटला जोडलेला असल्यास घड्याळ आपोआप जुळते. वीज वारंवार खंडित होणाऱ्या आणि जोडणी अनियमित असलेल्या ग्रामीण भागात हा दोष अधिक जाणवतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्था व कंपन्यांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ सर्व्हरांशी जुळवून ठेवणे अपेक्षित आहे.