ब्राउन्सीचा पहिला तळ

इंग्लंडमधल्या पूल बंदरातलं हे बेट. ऑगस्ट 1907 मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इथे सुमारे 20 मुलांचं शिबिर भरवलं आणि स्काउटिंगची सुरुवात झाली.

शुल्क : महागड्या खासगी शाळांतल्या मुलांना 1 पौंड, आसपासच्या गावांतल्या साध्या घरच्या मुलांना साडेतीन शिलिंग. पौंडाचे तेव्हा 20 शिलिंग. म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पथकांत मात्र दोन्हीकडची मुलं मिसळलेली. या शिबिराचं खरं मोल मला इथेच दिसतं.

सोय : लष्करी तंबू, रात्री शेकोटी.

नियम : सकाळी कुडू हरणाच्या शिंगाचा पुकारा, दुपारी सक्तीची विश्रांती, रात्री आळीपाळीनं एकेका पथकाचा पहारा.

आज : बेट नॅशनल ट्रस्टकडे, पूलहून बोटीनं जाता येतं.