पाहुणा थबकला आणि घर चेपलं

१९४० साली फ्रीड्रिश बेंगेन या जर्मन संशोधकाला दुधातला स्निग्धांश मोजायचा होता. प्रथिनं विरघळावीत म्हणून त्याने दुधात युरिया घातला आणि चिवट मिश्रण फुटावं म्हणून ऑक्टाइल अल्कोहोल. (दुधात युरिया म्हटलं की आपल्याला भेसळच आठवते, इथे हेतू शुद्ध होता.) भांडं तसंच राहू दिलं, तर आत लांबट स्फटिक जमले. ते नुसत्या युरियाचे नव्हते, नुसत्या अल्कोहोलचेही नव्हते. दोघांचे मिळून होते. दुसऱ्या कुणी भांडं विसळून टाकलं असतं. बेंगेनने पेटंटसाठी अर्ज केला.

आतली रचना नीट कळायला १९५२ उजाडलं. ए. ई. स्मिथ यांच्या क्ष-किरण चित्रांत युरियाचे रेणू मळसूत्रासारखे चढत गेलेले दिसले आणि त्यांच्यामधून मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी बोगदे. बोगद्याची रुंदी अर्ध्या नॅनोमीटरहून जराशीच जास्त. आत हायड्रोकार्बनच्या सरळ साखळ्या एकीमागे एक, नळीत सारलेल्या उदबत्त्यांसारख्या. युरिया यजमान, साखळी पाहुणा. रसायनशास्त्रज्ञही हेच शब्द वापरतात.

मग हे स्फटिक थंड करून पाहिले गेले. १९६५ मध्ये पेम्बर्टन आणि पार्सोनेज उष्णता मोजत होते, तेव्हा आलेखाने मध्येच उसळी घेतली. आत काहीतरी पालटत होतं. १९७७ मध्ये चातानी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की थंडीत षटकोनी बोगदे किंचित चेपतात. सोळा कार्बनांच्या साखळीचा पाहुणा असेल, तर हे उणे १२० अंश सेल्सिअसच्या आसपास घडतं. मात्र साखळीची लांबी बदलली की हे तापमानही बदलतं. भिंती त्याच, मग पाहुण्यागणिक फरक का? संशय अर्थातच पाहुण्यावर गेला.

पण त्याला हलताना पकडायचं कसं? १९९० मध्ये गियोम, सुरिसो आणि दियानू यांनी न्यूट्रॉनांचा मारा केला, आणि तोही हुशारीने. न्यूट्रॉनांना विखुरण्यात साधा हायड्रोजन सगळ्यांत पुढे. त्याचंच जड भावंड ड्युटेरियम त्यामानाने गप्प. म्हणून त्यांनी युरियातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवलं. यजमान जवळजवळ अदृश्य झाला, उरली फक्त पाहुण्याची चुळबुळ. मला या सगळ्या कथेत हीच चाल सर्वांत देखणी वाटते.

दिसलं ते असं: ऊब असताना साखळी स्वतःच्या अक्षाभोवती पिकोसेकंदांच्या वेगाने फिरते, बोगद्याच्या दिशेने पुढेमागे सरकतेही. ती मुळात चपटी, नागमोडी. पण इतक्या भरभर फिरली की भिंतींना गोल दांड्यासारखीच भासते. म्हणून षटकोन टिकतो. थंडीत तिचं फिरणं अडखळतं, एखादी दिशा तिला जास्त मानवते आणि बोगदा त्या बाजूने चेपतो. चेपलेला बोगदा तिला आणखी जखडतो. शेजारच्या बोगद्यांनाही मग वेगळं राहता येत नाही. त्यामुळे सगळा दोष एकट्या पाहुण्याच्या माथी मारणं मला पटत नाही. घरही त्याला सामील असतं.

पाहुणा मुळीच नसेल, तर मात्र हे घर उभं राहत नाही. साखळ्या काढून घेतल्या की बोगदे कोसळतात आणि हाती उरतो खताच्या पोत्यात असतो तोच साधा युरिया.