जिन्याचा दिवा आणि मधला स्क्रू

आमच्या रत्नागिरीतल्या झाडगावच्या घरात जिन्यातला दिवा लावला की तळमजल्याची वीज जायची. माडीवरचा पंखा मात्र फिरतच राहायचा. न्हाणीघरात गीझर आला तेव्हा खालच्या भागासाठी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली होती, आणि बसवली त्याच रात्रीपासून ती पडू लागली. दिवस पावसाचे होते. रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती पाणी पितात, तेव्हा सगळ्यांनी ओलीवर खापर फोडलं. एका कारागिराने तर आरसीसीबीच काढून टाका म्हणून सांगितलं. ते आम्ही ऐकलं नाही, हे नशीब.

मग आला एक वायरमन. आयटीआयचा वायरमन ट्रेड केलेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. बोर्ड उघडण्याआधी तो आईजवळ ओटीवर बसला.

"काकू, नेमकी कधी पडते? आठवून सांगा."

आई म्हणाली, "मी झोपायला वर निघाले की."

तो उठला आणि मीटरकडे न जाता थेट जिन्याकडे गेला.

जिन्याचा दिवा दोन ठिकाणांहून चालतो: खालून लावायचा, वर पोचल्यावर विझवायचा. त्यासाठी दोन्ही टोकांना टू-वे स्विच असतात. दिसायला साध्या स्विचसारखेच, पण पाठीमागे दोनाऐवजी तीन स्क्रू. मधला स्क्रू कायम जोडलेला असतो; बटण दाबलं की तो कधी वरच्या स्क्रूला मिळतो, कधी खालच्या. रुळांचा सांधा बदलावा तसं हे काम आहे. बरोबर जोडणीत फेज पहिल्या स्विचच्या मधल्या स्क्रूवर येते. दोन्ही स्विचांचे बाजूचे स्क्रू दोन वायरींनी एकमेकांना जोडलेले असतात. दुसऱ्या स्विचच्या मधल्या स्क्रूवरून निघालेली वायर होल्डरला जाते. न्यूट्रल कुठल्याच स्विचला शिवत नाही, थेट दिव्याला पोचते. दोन्ही स्विच एकाच वायरीवर आले की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असले की विझतो.

त्याने खालचा एमसीबी पाडला, टेस्टर लावून पाहिला आणि प्लेट सोडवली. खाऱ्या हवेने स्क्रू गंजून घट्ट बसले होते. आत पालीच्या अंड्यांची दोन टरफलं आणि लाल मातीचा भुगा. बॅटरीच्या उजेडात त्याने स्विच पुढे ओढला आणि मला जवळ बोलावलं. बाजूच्या एका स्क्रूवर लाल वायर, दुसऱ्यावर काळी. म्हणजे एका स्विचवर फेजही आणि न्यूट्रलही. मधल्या स्क्रूवरची वायर होल्डरच्या एका पिनेला गेलेली.

"वर पण हेच असणार," तो म्हणाला. वरचा स्विच उघडला, तर तसंच निघालं.

ही जुनी चोरवाट आहे. दोन्ही मजल्यांच्या बोर्डांवर फेज-न्यूट्रल हाताशी असतातच. मग प्रत्येक स्विचमधून एकेकच वायर दिव्यापर्यंत न्यायची, जिन्याच्या उंचीची एक वायर वाचते. दिव्याच्या एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल आली की तो लागतो. दोन्हीकडे न्यूट्रल आली की विझतो. पण दोन्हीकडे फेज आली तरीही तो विझतोच! दिवा बंद दिसतो आणि होल्डरच्या दोन्ही पिना जिवंत असतात. बटण बंद आहे या भरवशावर स्टुलावर चढून दिवा बदलणाऱ्याचा हात तिथेच जातो.

आमच्या घरी त्याहून वाईट होतं. माडी आणि तळमजला वेगवेगळ्या एमसीबीवर आहेत. खालचा एमसीबी पाडून कुणी होल्डरला हात घातला असता, तरी वरची फेज तिथे हजर होती. वायरमनने वरचाही एमसीबी पाडला आणि मगच होल्डर सोडवला. अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये एकेरी स्विच घालायचा नाही, हे १९५६च्या भारतीय विद्युत नियमांमध्येही लिहिलेलं होतं. एका वायरीच्या बचतीसाठी आमच्या घरात इतकी वर्षं तो नियम मोडलेला होता, आणि त्या जिन्यात मी स्वतः कितीदा तरी दिवे बदलले आहेत.

आरसीसीबी का पडत होती, तेही आता कळलं. ती फक्त एक हिशेब ठेवते: फेजमधून जितका प्रवाह गेला, तितका न्यूट्रलमधून परत आला का? आमच्या जिन्यात खालून गेलेला प्रवाह माडीच्या न्यूट्रलने परतत होता, नाहीतर याच्या उलट. नऊ वॅटचा दिवा, २३० व्होल्ट; प्रवाह साधारण चाळीस मिलिअँपिअर किंवा थोडा जास्तच. तीसच्या आरसीसीबीच्या दृष्टीने तेवढा प्रवाह हरवलेला. माणसाच्या अंगातून गेला की भिंतीतून, हे तिला कळत नाही, ती पडते. म्हणजे ती पहिल्या रात्रीपासून खरं सांगत होती आणि आम्ही ओलीला दोष देत होतो.

नवी वायर न्यायची तर भिंतीला झिरी मारावी लागली असती. जांभा मऊ दिसतो, पण कटर लावला की लाल धुरळ्याने घर भरतं, शिवाय कडा ढासळते ती वेगळीच. त्याने जिन्याच्या कडेने केसिंग पट्टी मारली. आतून दीड चौरस मिलिमीटरच्या दोन पिवळ्या वायरी, या स्विचपासून त्या स्विचपर्यंत. फेज खालच्याच एमसीबीवरून आणि न्यूट्रलही तिथलीच. माडीच्या दोन्ही वायरी जिन्याच्या स्विचमधून काढून त्याने टोकं बंद केली.

वीज चालू करून त्याने बंद दिव्यावर टेस्टर लावला. टेस्टर मिणमिणला. मी घाबरलो. त्याने शांतपणे टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डर आणि दोन वायरी एवढाच प्रकार, आणि त्याच जागी लावला. तो लागला नाही. दोन वायरी शेजारून जातात, एकीतली वीज दुसरीत किंचित उमटते; निऑनच्या टेस्टरला तेवढं पुरतं, दिव्याला पुरत नाही. कधीकधी स्वस्तातला एलईडीही याच कारणाने बंद असताना मंद उजळतो.

"टेस्टर इशारा देतो," तो म्हणाला, "खात्री टेस्ट लॅम्पने करायची."

मग आईने आपलं काम काढलं. पलंगाजवळचा टेबल लॅम्प दारातून लागावा आणि पडल्यापडल्या विझावा. पण शेजारचं डासांचं मशीन रात्रभर चालू राहावं. पलंगाजवळच्या बोर्डावर दोन सॉकेट होते, दोघांची फेज तांब्याच्या छोट्या तुकड्याने लूप केलेली. त्याने तो लूप कापला. एका सॉकेटला फेज पूर्वीसारखीच त्याच्या स्वतःच्या बटणातून. दुसऱ्याला दारातल्या आणि पलंगाजवळच्या टू-वे स्विचांमधून फिरून आलेली. न्यूट्रल आणि अर्थ दोघांना सामाईक. लॅम्पच्या सॉकेटवर त्याने लाल टिकली चिकटवली. तिथे मोबाइल लावला तर रात्री दिव्याबरोबर चार्जिंगही बंद होईल, आणि सहा अँपिअरच्या त्या सॉकेटवर इस्त्री तर अजिबात नको.

हे मी न्यू जर्सीतल्या भाच्याला सांगितलं, तर त्याने आपल्या दिवाणखान्याच्या सॉकेटचा फोटो पाठवला. तिथे अनेक घरांत बैठकीच्या खोलीला छताचा दिवाच नसतो. दाराजवळच्या बटणाने सॉकेटचा अर्धा भाग चालू होतो आणि त्यात लावलेला उभा दिवा उजळतो. उरलेला अर्धा भाग कायम चालू. तिथल्या जोडसॉकेटच्या कडेला दोन स्क्रू जोडणारी पितळी पट्टी असते, ती फेजच्या बाजूची पकडीने मोडायची, न्यूट्रलची ठेवायची. आमच्या वायरमनने लूप कापला, तेच. आपला टू-वे स्विच मात्र तिकडे थ्री-वे म्हणवला जातो. वायरमनने फोटो नीट पाहिला आणि म्हणाला, "त्यांनी स्क्रू मोजले, आपण वाटा."

जाताना त्याने जिन्याचा दिवा चारही प्रकारे चालवून दाखवला. खालून चालू, वरून बंद. वरून चालू, खालून बंद. आरसीसीबी जागची हलली नाही. तिचं टेस्ट बटण दाबलं तेव्हा मात्र खटकन पडली, तशी ती पडायलाच हवी.

तुमचं घर जुनं असेल आणि जिन्याचा दिवा दोन्हीकडून चालत असेल, तर परवानाधारक वायरमनला बोलवा आणि दोन्ही स्विच उघडून पाहायला सांगा. बाजूच्या स्क्रूवर कुठेही काळी वायर दिसली, तर ती जोडणी त्याच दिवशी बदलून घ्या. तोपर्यंत त्या होल्डरला हात लावायचा असेल, तर घराचा मेन स्विचच बंद करा.