‘पेर्नेम’ नव्हे, पेडणे : गोव्यातील नावांच्या उच्चाराविषयी थोडेसे

डिचोली तालुक्यातील एका शाळेत काही वर्षांपूर्वी घडलेला एक लहानसा प्रसंग आमच्या स्मरणातून जात नाही. परगावाहून नव्याने आलेले एक शिक्षक रोमन लिपीतील हजेरीपट वाचीत होते. त्यांनी ‘क्वेनिम’ असा पुकारा केला; कोणीच ‘हजर’ म्हणाले नाही. पुन्हा पुकारा झाला, तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा संकोचाने उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, तो मीच. आमचे आडनाव केणी.” वर्ग हसला. चूक शिक्षकांची होती. मान मात्र मुलाने खाली घातली.

असे का होते, हे पाहणे अध्यापकवर्गास उपयुक्त ठरेल. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात सोळाव्या शतकातच गेले. डिचोली १७८१ च्या सुमारास व पेडणे १७८८ मध्ये गेले. जुन्या प्रदेशात रुळलेली रोमन लेखनाची रीत या नव्या महालांतील नावांनाही लागली. १९६१ च्या डिसेंबरात ती राजवट संपली, पण तिने घडविलेली अक्षरे कागदपत्रांत राहिली. पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिलेली ही नावे आज आपण इंग्रजी डोळ्यांनी वाचतो. सारा घोटाळा येथे आहे.

या लेखनात पुष्कळ सुसंगती आहे. पोर्तुगीज भाषेत मूर्धन्य ‘ड’ नाही. म्हणून त्याच्या जागी अनेकदा ‘आर’ हे अक्षर आले. पेडणे, विर्नोडा, अस्नोडा, मडगाव, कुडचडे या सर्वांतील ‘ड’ रोमन लेखनात ‘र’ झाला आहे. त्या भाषेत ‘ह’ अनुच्चारित असतो; त्यामुळे पेडण्यातील हरमल हे ‘आरांबोल’ झाले आणि डिचोलीतील हरवळे आपला ‘ह’ गमावून बसले. महाप्राण वर्णही तिला अपरिचित; म्हणून धारगळातील ‘ध’चा ‘द’ झाला व फोंड्यातील ‘फ’चा ‘प’. ‘ए’ आणि ‘इ’ यांपूर्वी येणारे ‘क्यू-यू’ म्हणजे केवळ ‘क’. त्यात ‘व’ मुळीच नाही. एवढे ध्यानात ठेवले की ‘क्वेरिम’ची केरी, ‘क्वेपेम’चे केपे आणि आमच्या विद्यार्थ्याचे केणी सहज सापडतात. अकाराचा आपला उच्चार परक्या कानास ओकारासारखा वाटला, म्हणून पै हे ‘पोइ’, भट हे ‘बोतो’ आणि प्रभू हे ‘पोरोबो’ असे लिहिले गेले. तथापि नियम सर्वत्र पुरे पडत नाहीत. कुडणे या गावाचा ‘ड’ रोमन लेखनातही ‘ड’च राहिला, आणि डिचोलीच्या आरंभी ‘ब’ लिहिण्याची रूढी कोणत्याही वर्णनियमात बसत नाही. तेथे रहिवाशाचे मुख हेच प्रमाण.

अशी अडचण केवळ आपलीच नाही. स्कॉटलंडमध्ये एका जुन्या अक्षराच्या जागी मुद्रकांनी ‘झेड’ वापरल्यामुळे, ‘मेंझीस’ असे दिसणारे आडनाव परंपरेने ‘मिंगिस’ असे उच्चारले जाते. ‘मिलनगेव्ही’ असे वाचावेसे वाटणारे गाव तेथील लोकांस ‘मलगाय’ म्हणून परिचित आहे. तेथे लिपीतून अक्षर गेले. येथे परक्या लिपीत आपले ध्वनीच नव्हते. परंतु दोन्ही ठिकाणी खरे नाव टिकले ते लोकांच्या जिभेवर.

आता शब्दान्तीच्या ‘एम’ या अक्षराविषयी. पोर्तुगीज लेखनात ते ओठ मिटून उच्चारावयाचे नसते. मागील स्वर नाकातून काढावा, एवढेच ते सुचविते. पेडणें, केपें, सांगें, मयें या नपुंसकलिंगी नावांच्या अंती आपणही पूर्वी अनुस्वार देत असू. १९६२ च्या लेखननियमांनी मराठीतील असे अनुस्वार गेले; आम्हीही या लेखात ‘पेडणे’ असेच लिहीत आलो आहोत. कोकणी बोलणाऱ्यांच्या मुखात मात्र तो नासिक्य स्वर अद्याप ऐकू येतो. म्हणजे ज्या अक्षरास आपण परकी विकृती समजतो, त्यातच आपल्या जुन्या उच्चाराची एक खूण जपली गेली आहे! दोष त्या अक्षराचा नाही, ते वाचणाऱ्याच्या अज्ञानाचा आहे.

२०२३ च्या जानेवारीपासून पेडणे तालुक्यातील मोपा येथे विमाने उतरू लागली. येणारा पाहुणा ‘पेर्नेम’ म्हणाला तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु त्याचे ऐकून पेडण्याचे मूलही तसेच म्हणू लागले, तर तो दोष आपला. कागदावरील अक्षरे बदलणे आपल्या हाती नसेल. हजेरीपटावर प्रत्येक नाव देवनागरीत लिहिणे, वर्षारंभी प्रत्येक मुलास त्याचे आडनाव व गाव त्याच्याच तोंडून विचारणे आणि गावाचे नाव घरातील वडीलधारी माणसे कसे घेतात ते लिहून आणावयास सांगणे, हे तर आपल्या हाती आहे. आम्ही आमच्या शाळेत हा क्रम ठेवला आहे. त्यास वर्षातून एक तास लागतो, आणि आपलेच नाव सांगताना कोणत्याही मुलास मान खाली घालावी लागत नाही.