पहिल्या मिनिटाचं काम

दिघोरी गावात बाळंतपणानंतर रक्त थांबेना, तर भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय जवळ नाही. सारी मदार हजर असलेल्या परिचारिकेवर. बाळ जन्मताच मिनिटाभरात १० युनिट ऑक्सिटोसिन, वार पडल्यावर गर्भाशय आवळलंय का हे पोटावरून चाचपणं, सैल असेल तर चोळणं. ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं की अतिरक्तस्राव. नजरेचा अंदाज मात्र हमखास कमी भरतो.

बेळगाव जिल्ह्यात अतिरक्तस्राव टाळणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची १,६२० बाळंतिणींवरची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नव्हे, एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) होत्या. औषधविरहित गोळ्या घेतलेल्यांत अतिरक्तस्राव १२ टक्के, मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांत ६.४! शिवाय ऑक्सिटोसिनला लागणारा फ्रीज या गोळ्यांना लागत नाही.