वाट्या घासल्या, म्हणून बसूनच राहायचं?

खुरपणीच्या दिवसांत शिरूर अनंतपाळच्या शिवारात संध्याकाळी बायका पातीवरून उठतात, ते एकदा बघावं. आधी एक हात मांडीवर, दुसरा जमिनीवर, मग तोंडून ‘आई गं’ आणि बऱ्याच वेळानं कंबर सरळ. पन्नाशी उलटलेल्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘वाट्या घासल्यात.’ डॉक्टर व्यायाम करा म्हणतात, नात मोबाईलवर पिलाटिसचा व्हिडिओ दाखवते आणि आजी हसून म्हणते, ‘हे आपल्या कामाचं न्हाई.’ खरंच नाही का?

गैरसमज : घासलेला सांधा हलवला की आणखी घासतो.
वस्तुस्थिती : सांधा म्हणजे बैलगाडीचं चाक नव्हे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते, त्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. दाब पडला की तिच्यातलं पाणी बाहेर येतं आणि दाब सुटला की सांध्यातला पोषक द्रव आत शिरतो, ओलं फडकं पिळून पुन्हा भिजवावं तसं. हालचाल थांबली की ही ये-जा मंदावते. शिवाय बसून राहिल्यानं मांडीचे स्नायू वाळतात आणि त्यांनी पेलायचा भार थेट गुडघ्यावर येतो. म्हणूनच जगभरचे तज्ज्ञ गुडघ्याच्या झिजेवर पहिल्या उपचारांत व्यायाम सांगतात.

गैरसमज : दिवसभर रानात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?
वस्तुस्थिती : राबणं आणि व्यायाम या दोन गोष्टी आहेत. खुरपताना तासन्‌तास उकिडवं बसावं लागतं. गुडघा पूर्ण दुमडलेला, पाठ वाकलेली आणि रोज तेच. उकिडवं किंवा गुडघे टेकून काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळते. व्यायामात याच्या उलट करायचं असतं: गुडघा सरळ करायचा, पाठ ताठ करायची आणि खुरपताना जे स्नायू नुसते ताणले जातात त्यांना ताकद द्यायची.

गैरसमज : पिलाटिस म्हणजे सिनेमातल्या नट्यांचा, महागड्या यंत्रांवरचा व्यायाम.
वस्तुस्थिती : जोसेफ पिलाटिस (1883–1967) हा मूळचा जर्मन. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला आईल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं होतं. तिथं त्यानं आपली पद्धत घडवली आणि पुढे न्यूयॉर्कला जाऊन ती शिकवली. त्याच्या 1945 च्या पुस्तकात जमिनीवर करायचे 34 व्यायाम आहेत, यंत्र एकालाही लागत नाही. मात्र दुखऱ्या सांध्यांसाठी ते सगळेच योग्य नाहीत, निवडूनच करावे लागतात.

त्यातल्या एकाचं सोपं रूप पाहा. सतरंजीवर उताणं पडा, गुडघे दुमडा, तळपाय टेका. श्वास सोडत बेंबी आत घ्या आणि कंबरेखालची पोकळी सतरंजीला चिकटवा. मग बैठक सावकाश उचला. पाच आकडे मोजा आणि एकेक मणका टेकवत खाली या. सेतुबंधासन आठवलं ना? खाली बसता-उठता येत नसेल, तर हेच कडक पलंगावर करा. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा आणि ठोकळ्यांच्या आधारानं आजारी माणसांकडून आसनं करून घेतली. आधार घेण्यात कमीपणा नाही.

गैरसमज : संधिवात सगळा सारखाच.
वस्तुस्थिती : सांधेदुखीचे शंभरावर प्रकार आहेत. झिजेत सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. दोन्ही हातांची बोटं सुजली आणि तास-तासभर मूठ वळेना, तर आमवाताची शंका घ्यावी. त्याला वेळेवर औषध लागतंच, व्यायाम त्याच्या जोडीला. जुन्या आमवातात मान तपासल्याशिवाय मानेचे व्यायाम करू नयेत. हाडं ठिसूळ असतील, तर उताणं पडून पुढे गोळा होण्याचे पिलाटिसचे प्रकार टाळावेत. मनगट दुखत असेल, तर तळव्याऐवजी कोपरांवर भार घ्यावा. म्हणून आधी निदान, मग सतरंजी. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं आणि पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करावं.

गैरसमज : दुखलं की व्यायाम बंद.
वस्तुस्थिती : सुरुवातीला थोडं दुखतंच. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या वेळी निम्मं करा. सांधा गरम आणि सुजलेला असेल, तर त्याला त्या दिवशी विश्रांती. एकच सांधा लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गैरसमज : पिलाटिसनं वाटी भरून येते.
वस्तुस्थिती : झिजलेली कूर्चा कुठल्याच व्यायामानं परत येत नाही. दुखणं कमी होतं, उठबस सोपी होते, तोल सावरतो. इतर व्यायामांपेक्षा पिलाटिस सरस असल्याचंही सिद्ध झालेलं नाही. चालणं, सायकल, योगासनं यांपैकी जे नेमानं होईल तेच चांगलं. वजन एक किलो उतरलं, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो, हेही ध्यानात असू द्या.

फरक पडतोय की नाही, हे घरीच मोजता येतं. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. तो आकडा कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकटीत लिहा, दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी. आठवड्यातून तीन-चार दिवस, दहा-पंधरा मिनिटं सतरंजी अंथरा. दोन महिन्यांनी, दोन पानं उलटून झाली की पुन्हा मोजा. मागचा आकडा चार असेल आणि आताचा सात, तर पातीवरून उठतानाचं ‘आई गं’ही थोडं खाली आलेलं असेल.