विहिरीत दोर न सोडता लिहिलेला अहवाल

दरवर्षी पावसाळ्यात कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली आपल्या गावात येतात. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. गावाची पाहणी करायची, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायचे, मातीचे नमुने घ्यायचे आणि शेवटी अहवाल द्यायचा, असे हे ग्रामीण कृषी कार्यानुभवाचे काम असते. त्यासाठी गावातल्या कुणाची तरी सही, कुठे ग्रामपंचायतीचा शिक्का लागतो. आपण तो देतोही, चहा पाजून.

गेल्या हंगामात असाच एक अहवाल माझ्यापुढे आला. विषय होता राळेगणसिद्धीचे पाणलोट काम. कॉलेजचे नाव सांगत नाही. चाळीस पाने, भाषा अशी की थेट मंत्रालयातून आली असावी. अन् तिसऱ्या पानावर पोपटराव पवार हे राळेगणचे सरपंच! हिवरे बाजार कुठलं अन् राळेगण कुठलं, हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मुलाला विचारलं, "गावात गेला होतास का?" तो म्हणाला, "गेलो होतो सर, पण लिहिलं चॅटजीपीटीनं." खरं सांगायचं तर त्याआधीच्या तीन-चार अहवालांवर मी न वाचताच सही ठोकली होती.

हे चॅटजीपीटी अमेरिकेतल्या ओपनएआय कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणले. आता तसली आणखीही निघाली आहेत. मोबाईलवर प्रश्न टाकला की मिनिटात उत्तर लिहून मिळते, मराठीतसुद्धा. त्याला अफाट मजकूर वाचायला घातलेला असतो. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द बहुधा येईल, याचा अंदाज बांधत ते लिहीत जाते. बरेचदा बरोबर येते. पण माहिती नसली तरी ते अडत नाही, त्याच ठसक्यात पुढे जाते. राळेगण आणि हिवरे बाजार ही नावे लेखांमध्ये नेहमी जोडीने येतात. तेव्हा घोटाळा झाला यात नवल नाही.

नक्कल काही आजची नाही. पदविकेला असताना आम्हीही वरच्या वर्गाच्या प्रात्यक्षिक वह्या उतरवून काढल्या आहेत, मी त्यातलाच. पण ती मूळ वही कुणीतरी कधीतरी वाफ्यात उभं राहून लिहिलेली असायची. शिवाय दोन वह्या सारख्या निघाल्या की गुरुजी पकडायचे. यंत्र प्रत्येकाला वेगळा मजकूर देते, त्यामुळे जुन्या लिखाणाशी ताडून पाहिले तरी चोरी सापडतेच असे नाही.

आता राळेगणचेच बघा. वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर पावसाचे हे गाव. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी आले, तेव्हा तिथे सरकारी पाझर तलाव होता. कागदावर काम पूर्ण, पण तलाव गळत होता, पाणी धरत नव्हता. गळती शोधली, श्रमदानाने दुरुस्ती झाली आणि खालच्या अंगाच्या सात विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांचे पाणी पंचायतीचे काम होते, तेही अण्णांनी स्वतः जाऊन पाहिले. चाळीस पानांच्या अहवालात गळतीचा शब्द नव्हता.

तुम्ही म्हणाल, पोरांच्या मार्कांचं आम्हाला काय? गारपीट झाली की पंचनाम्याला कोण येतं? तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. पदांची नावे आता बदलली, काम तेच आहे. आजचा कृषिदूत उद्या त्या जागेवर बसणार. बांधावर न जाता कागद भरायची सवय त्याला कॉलेजातच लागली, तर तुमच्या पडलेल्या कांद्याचं क्षेत्र तो कुठून लिहिणार?

या मुलांची अडचणही समजून घ्या. पदवीचा अभ्यास इंग्रजीत आणि पोरं मराठी शाळेतली. अवघड धडा समजून घ्यायला, शुद्धलेखन सुधारायला यंत्र वापरलं तर माझी हरकत नाही. मीही परिपत्रकं समजून घ्यायला वापरतो. औषधाचं प्रमाण मात्र त्याला विचारत नाही, ते डब्याच्या लेबलवरच बघतो.

सही देण्याआधी एवढं करा, मुलाला समोर बसवून दोन प्रश्न विचारा. बाजरीच्या अरगटासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घालून बी बुडवतात, हे यंत्रही सांगेल. पण "आपल्या बियाण्यातलं किती तरंगलं? ते कुठं जाळलं? खाली बसलेलं किती पाण्यानं धुतलं?" हे ज्याने घमेल्यात हात घातला तोच सांगेल.

त्या मुलाला मी परत पाठवलं. आठ दिवसांनी तो आला तेव्हा अहवाल अकरा पानांचा होता, हाताने लिहिलेला. विहिरींची पाणीपातळी दोर सोडून मोजलेली. एका ठिकाणी मोटार चालू होती म्हणून मोजता आलं नाही, तेही लिहिलेलं. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. सही केली.